डावी विंग

तेवीस वर्षं मी डाव्या विंगेत बसले.
दातांत बॅटरी, मांडीवर वही,
पायाशी कासवछाप जळत असायची.
इंदूरच्या आमच्या मंडळाच्या पत्रिकेत
प्रॉम्प्टर म्हणून माझं नाव शेवटून दुसरं.
त्याखाली फक्त फर्निचरवाला.

रंगनाथ बोंद्रे फार सुंदर मरायचे.
दिवसभर गिरणीत साचे, संध्याकाळी तालीम;
कानाच्या पाळीवर कापसाचा तूस घेऊनच यायचे
आणि तिसऱ्या अंकात राजा होऊन पडायचे,
वार बसल्यावरही अकरा ओळी बोलून.
सातव्या ओळीनंतर थांबायचे.
पहिल्या प्रयोगाला मला वाटलं, विसरले.
आठवी ओळ मी पुरवली, जरा मोठ्यानंच.
रंग पुसता पुसता म्हणाले,
“कुमुदताई, ती जागा माझी आहे.
तिथं माणूस काय बोलावं ते शोधत असतो.
शोधू द्या.”
मी वहीत त्या जागी पेन्सिलीनं गोल काढला.

एकदा पडदा अडकला.
सात मिनिटं उजेडात मेलेले पडून होते,
नाकावर माशी.
लोक हसले, मग गप्प झाले,
मग मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच,
“ए भिया, सच्ची में गए क्या?”

गिरणीच्या फाटकाला कुलूप लागलं त्या सकाळी
आठवी ओळ कुणाकडेच नव्हती.
मॅनेजरकडे नाही, युनियनच्या भोंग्याकडे नाही.
ते डबा घेऊन गेले, तसेच घेऊन परतले
आणि साडेबाराला, सुट्टीच्या वेळेला,
स्वतःच्याच स्वयंपाकघरात डबा उघडून बसले.
वहिनींनी तव्यावरची पोळी पुढे केली.
“ती नको. आज डब्यातलीच.”

पुढं थकबाकीची फाइल.
नाडी तुटली, सुतळी आली, सुतळीवर सुतळी.
दर तारखेला इस्त्रीचा शर्ट.
मला म्हणायचे, राजाला न्याय नाही मिळत,
पण नऊ चाळीसला पडदा तरी पडतो.
हे ते चिडून म्हणत नसत.
नाटकातली एक सोय सांगावी, तसं सांगत.

इस्पितळात, चौथ्या मजल्यावर,
मी सवयीनं त्यांच्या डावीकडे बसले.
वही नव्हती. हातांचं काय करावं कळेना.
पुण्याहून मुलगा आला होता, हृषीकेश,
पायथ्याशी दोन पुतणे, एक जावई.
दुपारी त्यांनी डोळे उघडले,
ओठ हलले, आणि थांबले.
मला तो गोल दिसला, पेन्सिलीचा.
मी काही बोलले नाही.
शोधू दिलं.
मग अगदी स्वच्छ, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं:
“नर्मदा आली का?”

हृषीकेशनं हात जोडले.
जावयानं नमामि देवि म्हटलं, डोळे पुसत.
वहिनींनी फक्त माझ्याकडे पाहिलं.
आमच्या गल्लीत नर्मदा म्हणजे नळ.
एक दिवसाआड, पहाटे सव्वापाचला, पाऊण तास,
मोटर लावायला उशीर झाला की पिंपं कोरडी.
चाळीस वर्षं ती मोटर त्यांनीच लावली.
वहिनी कानाशी वाकल्या.
“आली,” म्हणाल्या, “सगळं भरून ठेवलंय.”
त्या दिवशी आमची पाळीच नव्हती.
मी तेवीस वर्षांत
इतकी चांगली ओळ कुणाला पुरवली नव्हती.

पेपरात छापून आलं,
‘नर्मदामैयाचं स्मरण करीत’.
येऊ दे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे नळानं खाकरल्यासारखा आवाज केला.
घरभर पाहुणे, चटयांवर आडवेतिडवे.
त्यांना ओलांडत वहिनी मोरीकडे गेल्या,
मोटरचा खटका दाबला.
मी पिंपावर पाइप धरून उभी.
पहिलं पाणी गढूळ येतं,
ते आधी जाऊ द्यावं लागतं.